विहिरीत बॅक्टेरियाची पुडी टाकणाऱ्यांनो, थांबा

‘तेल खाणारे बॅक्टेरिया! २४ तासांत समुद्र साफ, विहीर शुद्ध! भारतीय शास्त्रज्ञाचा शोध अमेरिकेने दाबला!’ हा फॉरवर्ड दोन आठवडे आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. मी काणाडोळा केला. परवा अलिबागजवळून आत्याचा फोन आला : “अरे, पंपाच्या इंजिनातलं डिझेल विहिरीत झिरपलं होतं. भाऊजींनी मागवलेली ती पुडी टाकली. आज तवंग दिसत नाही. प्यायला हरकत नाही ना?”

हरकत आहे, आत्या. तवंग दिसेनासा झाला म्हणजे डिझेल संपलं असं नाही. काही उडून जातं, काही चिऱ्यांच्या सांदीत बसतं, काही त्या पुडीतला भुसाच शोषून घेतो. आणि जे पाण्यात विरघळतं ते दिसतच नाही. त्यात थोडं का होईना बेंझीन असतं, आणि बेंझीनने कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवलीय. म्हणजे बेंझीनचा एक थेंब चार हजार लिटर पाणी बाद करतो.

बरं, बॅक्टेरियांना नुसतं तेल पुरत नाही, श्वासही लागतो. एक लिटर तेल पुरतं पचवायला साधारण तीन किलो ऑक्सिजन हवा. एवढा ऑक्सिजन साडेतीन लाख लिटर पाण्यात विरघळलेला असतो. आत्याच्या विहिरीत या दिवसांत वीस-बावीस हजार लिटर पाणी असेल. वरून हवेतला ऑक्सिजन मिसळतो, पण अगदी सावकाश. रातोरात काय पचणार, कपाळ?

२४ तासांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या अलास्काकडे बघा. १९८९ मध्ये तिथे एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा किनाऱ्यांवर चक्क खत टाकलं, तिथल्याच बॅक्टेरियांना नायट्रोजन-फॉस्फरस मिळावा म्हणून. उपयोग झाला, नाही असं नाही. पण २००१ मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधकांनी ९१ ठिकाणी सुमारे ९,००० खड्डे खणले, तर निम्म्याहून जास्त ठिकाणी तेल निघालं. बारा वर्षांनी!

शास्त्रज्ञाचं मात्र खरं आहे, मानावंच लागेल. आनंद चक्रवर्तींनी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत असताना तेल खाणारा जिवाणू घडवला. पण अमेरिकेने तो दाबला कुठे? १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याला पेटंट मिळू दिलं. समुद्रात गळतीवर तो कधी सोडलाच नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे ‘टेरी’ या दिल्लीतल्या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपरही आहे : मक्याच्या कणसांच्या भुशावर पाच जातींचे बॅक्टेरिया. ते रिफायनरीच्या तेलकट गाळावर वापरतात. गाळ जमिनीवर पसरून, नांगरून, पाणी मारून, महिनोन्‌महिने. विहिरीत टाकून घागर भरायला नव्हे.

आत्या सध्या शेजारच्यांकडून पाणी आणते. रिकामी पुडी मी मागवून घेतली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलंय : ‘सेप्टिक टँकसाठी. पिण्याच्या पाण्यात वापरू नये.’