आत मायनस, बाहेर प्लस

"म्यूझियमला देऊन टाका हो ते!" काल पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक अनोळखी काका चारचौघांत मला म्हणाले. अजून उतरलेलं नाही ते डोक्यातून.

मला हवा होता फक्त एक अ‍ॅडॉप्टर. मामाने लंडनहून आणलेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमचा, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचा, मूळ ठोकळा वारला होता. 9 व्होल्ट, 1.4 अँपिअर, आणि पिनच्या आत मायनस, बाहेर प्लस. ही शेवटची अट ऐकली की दुकानदाराचा चेहरा पडतो. हल्ली राउटरपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत बहुतेकांचं आत प्लस. तो खुपसला की मशीन मामाच्या भेटीला.

काका डोअरबेल बदलून घ्यायला आले होते. त्यांचं काम झालं होतं, पण जातात कशाला!

"कशाला लागतोय अ‍ॅडॉप्टर?"

"कॉम्प्युटरला."

"रॅम किती?"

"48."

"जीबी? वा! मुलगा गेमिंगवाला दिसतोय."

"केबी."

काकांनी डोअरबेल काउंटरवर ठेवली. "के?"

"के."

"म्हणजे आमच्या नातीचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो..."

"नाही मावणार."

मग ते दुकानदाराकडे वळले आणि मी तिथे नाहीच अशा थाटात म्हणाले, "ह्यांना कुठलाही द्या हो. एवढ्याशा मेमरीला करंट तो काय लागणार? घड्याळाचा सेल पुरेल." आणि जोडीला ते म्यूझियम.

इथे माझं सटकलं. मेमरीचा आणि करंटचा काय संबंध? अहो, 1981 सालच्या आयबीएम पीसीचा पॉवर सप्लाय 63.5 वॅटचा, म्हणजे जिन्यातल्या पिवळ्या बल्बएवढा! कार्डांसाठी स्लॉट पाच, पण हार्ड डिस्क बसवायची म्हटलं की आधी सप्लायच बदला. 1983 च्या पुढच्या मॉडेलात, एक्सटीत, त्यांनी मुकाट्याने 130 वॅटचा दिला. त्याच काळातल्या कमोडोर 64 कॉम्प्युटरचा ठोकळा आतून इपॉक्सीने लिंपलेला, ना उघडता येत ना दुरुस्त होत, आणि मरताना 5 व्होल्टची लाइन वर चढवून मेमरीच्या चिपाही सोबत नेणारा. आमचा स्पेक्ट्रम तर 9 व्होल्ट घेतो, 5 वापरतो आणि उरलेल्या चारांवर स्वतःचाच कीबोर्ड शेकतो. मागच्या उघड्या पट्टीला प्रिंटर लावा, टेपवर डेटा साठवणारा मायक्रोड्राइव्ह लावा, सगळी खोगीरभरती त्याच एका अ‍ॅडॉप्टरच्या जिवावर. चालू असताना काही उपटलंत की आतला ट्रान्झिस्टर उडालाच म्हणून समजा.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी माहितीये का?"

दुकानदार हसला. गिऱ्हाईक मी, आणि हसतो कुणाबरोबर तर डोअरबेलबरोबर! वर मला दाखवतो काय, तर 2 अँपिअरचं स्टिकर लावलेला, पिसासारखा हलका अ‍ॅडॉप्टर. स्टिकरवर काय वाटेल ते छापावं, विचारणारं कोण आहे? आणि पोलॅरिटी? "उलटी करून देतो ना साहेब, वायर कापून." पाहिजे ती वस्तू आहे तशी मिळावी, ही अपेक्षाच आता हौसेत जमा झाली आहे.

शेवटी त्यानेच सुचवलं, "गिटारवाल्यांकडे बघा. त्यांच्या त्या आवाज बदलायच्या पेडलला आत मायनस असतं."

खरंच असतं! पण वाद्यांच्या दुकानातला अ‍ॅडॉप्टर निघाला 500 मिलिअँपिअरचा. जास्तीचा मागितला तेव्हा केस बांधलेला तो पोरगा एकदम आदराने बघायला लागला.

"सर, पेडल कुठलं?"

"स्पेक्ट्रम."

"ऐकलं नाही. साउंड कसाय?"

"बीप."

"फक्त बीप?"

"फक्त बीप."

"भारी! विकायचं असेल तर सांगा."