आयर्विनला किती फूट?

दुपारपासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. लांब होईल.

जर्नालिझमचं शेवटचं वर्ष आहे आणि दोन महिने झाले, एका न्यूज पोर्टलच्या डिजिटल डेस्कवर इंटर्नशिप करतेय. नाव विचारू नका, सांगणार नाही. सोशल मीडियावर काय फिरतंय ते बघायचं, उचलायचं, एआय टूलमध्ये टाकून बातमी करून घ्यायची, हेडिंग द्यायचं आणि लावायचं. दिवसाला बारा बातम्या.

आज एक फोटो आला. ‘सांगलीत महापूर, शहर पाण्याखाली.’ बघितला आणि पोटात गोळाच आला, कारण तो आमचा मारुती चौक. मग कोपऱ्यातल्या दुकानाची पाटी दिसली. ते दुकान मागच्या पुरानंतर परत उभंच राहिलं नाही, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. तरी रिव्हर्स इमेज सर्च केला. दोन मिनिटांत तोच फोटो ऑगस्ट २०१९ च्या बातम्यांत सापडला. शिवाय सांगलीला घरी फोन लावला. बाबा म्हणाले, ‘आयर्विनला पाणी इशारा पातळीच्या कितीतरी खाली आहे, कसला महापूर?’

हे सगळं डेस्कवर सांगितलं. उत्तर मिळालं, ‘सगळ्यांनी लावलाय. हेडिंगच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाक.’

प्रश्नचिन्ह टाक!

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. आयर्विन हा कृष्णेवरचा १९२९ चा पूल. पावसाळ्यात आमच्याकडे माणसं ‘जेवलास का’च्या आधी ‘आयर्विनला किती’ विचारतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ चा पूर आम्ही फक्त ऐकला होता. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

मी तेव्हा दहावीत. घर गावभागात, आम्ही वरच्या मजल्यावर. खालचा मजला पाण्यात, लाइट नाही, बाबांच्या फोनला थोडी बॅटरी उरलेली. रात्री फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, ‘कोयना धरणाला तडा गेला आहे, दोन तासांत पाणी वाढणार, ताबडतोब घर सोडा.’ खाली कलेक्टर ऑफिसचं नाव. पाठवला कुणी, तर पुण्याच्या मामाने. आमच्या काळजीने त्याला झोप नव्हती. बाबांनी ठरवलं, निघायचं. अंधारात, ओल्या जिन्यावरून आजीला उतरवताना तिचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ती रात्र आम्ही जिन्यातच काढली. आजी ओरडत नव्हती, नुसती ‘देवा, देवा’ करत होती. ते अजून कानात आहे.

धरणाला काहीही झालेलं नव्हतं.

सकाळी आमच्या गल्लीतले एक वार्ताहर काका कमरेएवढ्या पाण्यातून आले. एका पेपरला बातम्या द्यायचे, कसला स्मार्टफोनही नव्हता त्यांच्याकडे. त्यांनी रात्रीच पाटबंधारे खात्याच्या माणसाला फोन लावून विचारून घेतलं होतं. घरोघरी खिडकीखाली थांबून ओरडून सांगत होते, ‘कोयना ठीक आहे, कुणी घर सोडू नका, बोट येतेय.’ एक फोन! तोच फोन मामाने आधी केला असता तर आजी आज चालत असती. मी जर्नालिझमला का आले, असं नातेवाईक विचारतात. या माणसामुळे आले.

म्हणून ते प्रश्नचिन्ह मला सहन होत नाही. प्रश्नचिन्ह लावून तुम्ही तुमची मान सोडवून घेता. अंधारात घाबरून बसलेला माणूस ते चिन्ह वाचत नाही, तो ‘शहर पाण्याखाली’ एवढंच वाचतो आणि म्हातारीला जिन्याकडे ओढतो.

आणि हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आठवडी बाजाराच्या दिवशी गावात आले. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. पुढे ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ म्हणून दोन बाण दिसायला लागले. वर्गात आम्हाला हे ‘प्लॅटफॉर्म पॉलिसी’ म्हणून शिकवतात, पाच मार्कांची टीप. मला ती टीप कधीच नीट लिहिता आली नाही. पाच माणसं गेल्यावर आलेला नियम पाच मार्कांत कसा बसवायचा?

तंत्रज्ञानाच्या नावाने बोटं मोडणारे आता कमेंटमध्ये येतील, त्यांना आधीच सांगते, मी त्यातली नाही. आजचा खोटा फोटो मला त्याच इंटरनेटने पकडून दिला. दुकानांच्या पाट्या, विजेचे खांब, सावल्या बघून जागा आणि वेळ कशी शोधायची हे मी कॉलेजात शिकले आणि मला ते मनापासून आवडतं. आणि हो, २०१९ ला गच्चीवर अडकलेल्या कितीतरी लोकांपर्यंत बोटी पोचल्या त्या सोशल मीडियावरच्या मेसेजमुळेच. मान्य आहे.

पण ते टूल! मजकूर टाकला की मिनिटभरात बातमी. शुद्धलेखन चोख, भाषा गोड. आज त्याने जुन्या फोटोवर ‘नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण’ असं वाक्य स्वतःहून घातलं. कुठल्या नागरिकांमध्ये? कुणाला विचारलं? त्याला पाटबंधारे खात्याला फोन लावायचं सुचलं नाही. आणि ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनाही लावायचा नाही, याचा मला जास्त राग आहे.

दर ६ जानेवारीला पत्रकार दिन म्हणून आपण स्टेटस ठेवतो. १८३२ ला ‘दर्पण’ निघालं तेव्हा बाळशास्त्री जांभेकर जेमतेम विशीतले होते, म्हणजे माझ्याच वयाचे. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि संध्याकाळी २०१९ चा पूर आजचा म्हणून विकायचा?

तासभर चहा घेऊन बसले, आता जरा शांत वाटतंय. डेस्कवरच्या त्या दादावर माझा राग नाही खरं तर. त्याच्या डोक्यावर व्ह्यूजचं टार्गेट आहे, घराचा हप्ता आहे, तो सकाळी सातला येतो. माझ्या मामावरही मी कधी रागावू शकले नाही. त्याने प्रेमानेच पाठवलं होतं. अजून आजीसमोर आला की तो खाली बघून बोलतो.

तो फोटो मी लावला नाही. दुसऱ्या कुणीतरी लावला, प्रश्नचिन्हासकट. संध्याकाळी आजीचा फोन आला. हाड मोडल्यापासून ती जिना उतरलेली नाही, खालचा रस्तासुद्धा तिला खिडकीतून अर्धाच दिसतो. कुणीतरी तिला मोबाइलवर तो फोटो दाखवला होता. आवाज बारीक झालेला. ‘बाळ, आयर्विनला किती गं? परत उतरायचं का मला?’

मी म्हटलं, ‘नाही आजी. मी विचारलंय.’

पूर नियंत्रण कक्षाचा नंबर मी फोनमध्ये ‘आयर्विन’ नावाने सेव्ह केलाय. उद्या नऊची शिफ्ट आहे.