एक माल्ट, एक हॉप आणि ताई

मित्राने फोनवर सांगितलं, "साधी बिअर कर. एकच माल्ट, एकच हॉप. चुकायला जागाच नाही." मी हे इतक्या भक्तिभावाने ऐकलं की त्याने स्वतः ती किती वेळा केली आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

यादी खरंच एवढीशी होती. दहा लिटर बिअरसाठी २.३ किलो पेल माल्ट, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली, कॅस्केड जातीचे ३० ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, साखरेची दारू करणाऱ्या यीस्टचं एक पाकीट, बाकी पाणी. बव्हेरियात १५१६ साली बिअरबद्दल जो नियम झाला त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलेलं आहे. यीस्टचा पत्ताच नाही, कारण ते नेमकं काय उद्योग करतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे सुरुवातीलाच मी त्या लोकांच्या एक पाकीट पुढे होतो.

यादीत नव्हती ती ताई.

ताई माझी थोरली बहीण. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. दारूच्या थेंबालाही शिवत नाही, त्यामुळे तिला या प्रकाराचा सुगावा लागू नये याची मी पुरेपूर काळजी घेतली होती. ती नेमकी त्याच रविवारी टपकली. ओट्यावरचं पंधरा लिटर पाण्याचं पातेलं बघून तिने नाक मुरडलं, आणि मग तिची नजर थर्मामीटरवर गेली.

"हा कशाला?"

"६६ अंशांवर तासभर ठेवायचंय."

"का?"

लहानपणी ती मला अभ्यासाला बसवायची तेव्हाही या 'का'वर माझी वाचाच बसायची. तिने चष्मा लावला, माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि दोन मिनिटांत सगळा प्रकार ताब्यात घेतला. "दाण्यात स्टार्च आहे. त्याची साखर करायला दोन एन्झाइम्स आहेत. एकाला साठ-पासष्टची ऊब लागते, दुसऱ्याला सत्तरच्या आसपासची. ६६ला दोघंही काम करतात. तू ऐंशीच्या वर नेलंस की दोघंही गेले, मग बस पेज पीत." बिअर होईल का, हा प्रश्न तिच्यासाठी तिथेच संपला होता. आता एन्झाइम्सना वाचवायचं होतं. तासभर ते पातेलं माझ्या रजईत गुंडाळून ठेवलेलं होतं आणि मला तिकडे बघायचीही परवानगी नव्हती, कारण बघायचं म्हणजे झाकण उघडायचं.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. माल्ट नुसता भरडायचा असतो, टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे, असं कागदावर ठळक लिहिलं होतं. पण माझ्या मिक्सरला दोनच अवस्था माहीत आहेत: अख्खं आणि पीठ. ती यायच्या आधीच काम उरकलेलं होतं.

त्याची फळं तासाभराने मिळाली. माल्टची कापडी पिशवी उचलून पातेल्यावर धरायची आणि गोड पाणी निथळू द्यायचं, एवढंच करायचं होतं. पण धान्य जवळजवळ आपल्या वजनाइतकं पाणी पिऊन बसतं, आणि माझ्या पिठाने पिशवीची सगळी भोकं लिंपून टाकली होती. साडेचार-पाच किलोचं गरम गाठोडं दोन्ही हातांनी उंच धरून मी उभा, आणि चिकट पाक मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून बनियनमध्ये. पिशवीतून झिरपत होतं ते बरंचसं पांढुरकं, गढूळ. ताईने वाकून पाहिलं. काही बोलली नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मग उकळी. दूध उतू जाण्यापूर्वी निदान थोडं कुरकुरतं, सूचना देतं. हा वर्ट, म्हणजे ते गोड पाणी, गप्प उभा राहतो. पहिले दहा ग्रॅम हॉप्स टाकले, डबी ठेवायला मान वळवली, आणि तपकिरी फेसाचं उशीएवढं ढेकूळ पातेल्याबाहेर येऊन शेगडीवर बसलं. तिथे त्याचं क्षणात काळं कॅरॅमल झालं. ते आजही शेगडीवर आहे. हॉप्सचा वास मात्र सुरेख, ग्रेपफ्रूटची साल नखाने खरवडावी तसा. पहिल्या हप्त्याचा कडूपणा तासभर उकळून उतरतो आणि वास उडून जातो, म्हणून पुढचे दहा ग्रॅम शेवटची पंधरा मिनिटं राहिल्यावर आणि उरलेले आच बंद करताना घालायचे.

उकळी संपल्यावर ते शक्य तितक्या लवकर २० अंशांवर आणायचं होतं. टपात बर्फ, बर्फात पातेलं. यापुढे जे जे वर्टला लागेल ते ते निर्जंतुक हवं, असं ताईने जाहीर केलं. मी एकदा शिंकलो, तर मला दिवाणखान्यात पाठवण्यात आलं.

हायड्रोमीटरसाठी, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या काचेच्या तरंगत्या नळीसाठी, परत बोलावलं. "डोळा पातळीला आण. द्रवाची खालची कड वाच." १.०५० आलं. ताई एवढी खूश झालेली मी माझ्या बारावीच्या निकालालाही पाहिली नव्हती. त्या आनंदात मी हायड्रोमीटर ओट्यावर आडवा ठेवला. तो गोल असतो. ओट्याला उतार असतो.

यीस्ट घालून बादली कोपऱ्यात ठेवली. एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीतून, बुडबुडे यायला हवे होते. एक दिवस गेला, काही नाही. दुसऱ्या रात्री मी बादलीसमोर पाट टाकून बसलो, कान लावला, टॉर्च मारला. सकाळी ताईचा फोन: "मिनिटाला किती?" शून्य म्हणायची हिंमत होईना, मी "मोजतोय" म्हणालो. दुसरं पाकीट ओतायला झाकण उघडलं तर आत चार बोटं फेस. झाकणच नीट बसलं नव्हतं आणि सगळा वायू कडेने निघून जात होता. यीस्टने दोन दिवस इमानेइतबारे काम केलं होतं, आणि मी त्याच्या नावाने सुतक पाळत होतो.

दोन आठवड्यांनी नव्या हायड्रोमीटरने १.०१० दाखवलं. मी फोनवर दोन्ही आकडे सांगितले, ताईने वजाबाकी करून १३१.२५ने गुणलं. "सव्वापाच टक्के अल्कोहोल," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "कोणाला सांगू नकोस मी काढले." तो हायड्रोमीटर मी त्याच संध्याकाळी धुताना फोडला. बाटल्यांत भरताना, आत वायू तयार होऊन फेस यावा म्हणून, मोजून साठ ग्रॅम साखर घातली. साखर फारच जास्त झाली तर बाटल्या फुटू शकतात, म्हणून ताईने मला वजनकाट्याचा फोटो पाठवायला लावला.

आणखी दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. फस्स झालं, फेस आला, रंग गवती सोनेरी. मित्र, मी आणि, "सहज आले" म्हणत, ताई. पहिला घोट चांगला होता. मग जिभेच्या कडा आवळल्या, कच्चं केळं खाल्ल्यासारख्या. मित्र डोळे मिटून म्हणाला, "अरे वा, यात गुंतागुंत आहे." एक माल्ट, एक हॉप. गुंतागुंत येणार कुठून? चार माल्ट असते तर त्यातल्या एखाद्यावर ढकलता आलं असतं.

ताईने ग्लास नाकाशी नेला आणि परत ठेवला. "तुरट झालीय ना?"

"न पिता कसं कळलं?"

"टरफलाचं पीठ केलंस. ते पिशवीतून गळलं आणि तासभर उकळलं. मी त्याच दिवशी बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"प्रयोग मध्येच थांबवत नाहीत." तिने पर्समधून एक लांब पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. आत हायड्रोमीटर होता, प्लास्टिकचा. "हा पडला तरी फुटत नाही," ती म्हणाली. "दुकानदाराला दोनदा पाडून दाखवायला लावलाय."