थिबा पॅलेसमध्ये 'बघण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांसाठी

गणपतीपुळ्याला निघालेले पाहुणे फोन करतात, "वाटेत थिबा पॅलेस करू का? म्युझियममध्ये आहे का काही?" आणि आम्ही रत्नागिरीकर ओशाळून सांगतो, "तसं विशेष नाही हो. दगडी मूर्ती वगैरे आहेत." मीही हेच सांगत आलोय. परवा चौथीतल्या भाच्याला घेऊन गेलो आणि स्वतःचीच लाज वाटली.

कारण त्यानं दारातच विचारलं, "मामा, एवढा मोठा वाडा बांधून दिला म्हणजे इंग्रज चांगले होते ना?"

आता याला काय सांगणार? बाबा रे, हा वाडा नाही, तुरुंग आहे. जांभ्या दगडाचा, ऐसपैस, पण तुरुंगच.

१८८५ साली ब्रह्मदेशाची (आजच्या म्यानमारची) राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली. निमित्त सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीनं लाकूड लपवून नेलं म्हणून तिथल्या थिबा राजाच्या दरबारानं दंड ठोठावला, साहेबानं ते निमित्त धरून अख्खं राज्यच गिळलं. राजाला आधी मद्रासला नेलं, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला. इथेच का? तर रेल्वे नाही, पाठीशी सह्याद्री, पावसाळ्यात बोटी बंद. ज्या गैरसोयींना आपण पिढ्यानपिढ्या शिव्या घातल्या, त्याच साहेबाला सोयीच्या वाटल्या!

आणि हा 'पॅलेस' तयार झाला १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षं राजानं बंगल्यात काढली, डिसेंबर १९१६ मध्ये तो गेलासुद्धा. वाडा लाभला जेमतेम सहा वर्षं.

मूर्तींसमोर दोन मिनिटं कमी थांबा, पण वरच्या अर्धगोल खिडक्या नीट बघा. कोरीवकाम बर्मा सागवानाचं आहे. ज्या लाकडापायी राज्य गेलं, त्याच लाकडाच्या चौकटीतून हा माणूस भाट्याची खाडी बघायचा. दुर्बीण लावून बोटी न्याहाळायचा असंही गावात सांगतात.

आणखी एक गंमत (गंमत कसली म्हणा). आपले टिळक रत्नागिरीत जन्मलेले. १९०८ साली त्यांना शिक्षा झाली, धाडलं कुठे? मंडालेला! १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक तिथल्या तुरुंगात पेन्सिलीनं गीतारहस्य लिहीत होते, आणि मंडालेचा राजा टिळकांच्या गावात नव्या घरात सामान लावत होता. माझं स्पष्ट मत आहे, शाळांच्या सहलींनी टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा पॅलेस एकाच दिवशी बघावं. वेगवेगळं बघितलं तर दोन्ही अर्धवट.

राणी १९१९ साली ब्रह्मदेशात परतली. थिबाची कबर इथेच राहिली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले, आपल्यातले किती गेलेत? थोरल्या राजकन्येची लेक टूटू हिनं तर रत्नागिरीतच संसार केला, मराठी बोलतच म्हातारी झाली. राजाची नात! आमच्या आजीच्या पिढीला त्यात काही विशेष वाटायचं नाही, गावातलीच एक बाई.

निघताना थिबा पॉइंटवर थांबलो. सगळे सेल्फी काढत होते. भाचा म्हणाला, "मामा, त्याचं गाव कुठल्या बाजूला?"

मी सवयीनं समुद्राकडे हात केला आणि मग आठवलं, समुद्र पश्चिमेला. मंडाले पाठीमागे.