नापास वर्गाची ती गोष्ट

काल भाच्याने तो मेसेज पाठवला. खाली एकच ओळ: ‘मामा, आता बोल!’

मेसेजमधली गोष्ट अशी: अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक समाजवाद म्हणजे काय ते दाखवायला वर्गातल्या सगळ्यांना सरासरी ग्रेड देतात. पहिल्या परीक्षेत सगळ्यांना बी. मग हुशार मुलं अभ्यास सोडतात, दुसऱ्या परीक्षेत डी, तिसऱ्यात अख्खा वर्ग नापास. म्हणून भांडवलशाहीला पर्याय नाही!

प्राध्यापकांचं नाव नाही, विद्यापीठ नाही, साल नाही. तेही सोडा. पण गुण ही वाटून घ्यायची वस्तू आहे का? माल दहाजणांच्या हातून तयार होतो, पेपर ज्याचा त्याने लिहायचा असतो. आणि या वर्गात नियम केला कोणी? एकट्या प्राध्यापकांनी. अभ्यास टाळणाऱ्याला जाब विचारायची मुलांना सोय नाही, नियम बदलायची तर नाहीच. याला फतवा म्हणतात.

माणसं स्वतः नियम करतात तेव्हा काय होतं, हे एलिनोर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तपासलं. २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. त्यांचंच एक उदाहरण: स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाची डोंगरावरची कुरणं सामाईक. १५१७ सालचा नियम: हिवाळाभर जेवढ्या गाई स्वतः पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात वर चरायला न्या. जास्त नेल्या तर दंड, आणि दंड करणाऱ्याला त्यातला निम्मा वाटा. गावकरी साधुसंत नव्हते. शेजारी लबाडी करणार हे धरूनच त्यांनी नियम केला. ‘माणूस मुळात स्वार्थी’ हा मेसेजमधला पुढचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

मेसेज पुढे म्हणतो, ‘असे सगळे प्रयोग बुडाले.’ सगळे? समाजवादी विचारांच्या रॉबर्ट ओवेनने अमेरिकेत वसवलेलं न्यू हार्मनी हे सामूहिक गाव दोनेक वर्षांत बुडालं, मान्य. स्पेनमधलं माँद्रागोन, म्हणजे सहकारी कंपन्यांचा समूह, १९५६पासून चालू आहे, तिथे कामगारच मालक. त्यातली फागोर ही घरगुती उपकरणांची कंपनी २०१३मध्ये बुडाली, पण खासगी कंपनी बुडाली की भांडवलशाही संपली असं कोणी फॉरवर्ड करत नाही.

एवढं मात्र नाइलाजाने कबूल करतो, की सगळ्यांना अगदी सारखं देणं फार काळ टिकवणं अवघड असतं. इस्रायलमधल्या किबुत्झांवर, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या वसाहतींवर, १९८०च्या दशकात कर्जाचा डोंगर झाला आणि पुढे बहुतेकांनी कामानुसार वेगवेगळा पगार सुरू केला. शिवाय टोर्बेल हे एक गाव आहे, देश नाही. मेसेजमध्ये एवढंच असतं, तर भाच्याला मी नुसता ‘पटलं’चा अंगठा पाठवून झोपलो असतो.