रेडिएटर नवाच होता, चूक मात्र आमची

नमस्कार,

एक स्टार दिलात, त्यावर वाद घालत नाही. पण तुमचा रिव्ह्यू वाचून लोकांना दोन वेगळ्या गोष्टी एकच वाटतील, म्हणून लिहितोय.

तुमची तक्रार अशी: पीसी पाण्याने थंड ठेवायला आमच्या दुकानातून ३६० मिमीचा रेडिएटर आणि पांढरं पेस्टल (अपारदर्शक, दुधट) कूलंट घेतलंत, घरी स्वतः लूप, म्हणजे कूलंट फिरतं ती पंप-ट्यूब-रेडिएटरची साखळी, जोडलात. तीन आठवड्यांत कूलंट दुधासारखं फाटलं आणि सीपीयू ९० अंशांच्या वर जायला लागला. फोन केलात तर आमच्या दुकानातल्या मुलाने उलट विचारलं, "रेडिएटर धुतला होता का?" त्यावर तुमचं वाक्य: "नवी वस्तू कोण धुतं? वापरलेला माल गळ्यात मारलाय."

वापरलेला नव्हता. रविवारी ब्लॉक (सीपीयूवर बसतो तो, ज्यातून कूलंट वाहतं) घेऊन आलात, तेव्हा आपण दोघांनी मिळूनच तो उघडला. आतल्या तांब्याच्या फिनांमध्ये, म्हणजे बारीक पात्यांमध्ये, अर्धा मिलिमीटरसुद्धा फट नसते. तिथे पांढरा लगदा बसला होता, त्यात तपकिरी चिकट ठिपके आणि सोल्डरचे दोन चकचकीत कण. हा कारखान्यातला ऐवज आहे. रेडिएटरच्या नळ्या आणि टाक्या सोल्डरने जोडतात. सोल्डर नीट पसरावं म्हणून फ्लक्स लावतात आणि त्यातला थोडा आत राहतोच. कारखान्यात धुतात, पण सगळं निघत नाही. साधं पारदर्शक कूलंट असतं तर कदाचित नुसता रंग बदलला असता. पेस्टलमधला पांढरेपणा म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले बारीक कण. फ्लक्स मिसळला की ते एकमेकांना धरतात आणि सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसतात. (घरी नव्या स्टीलच्या डब्यातलं काळं पॉलिश न धुता कोणी साखर भरत नाही, एवढंच "कोण धुतं" याला उत्तर.)

आता आमची चूक. एकाच बिलावर रेडिएटर आणि पेस्टल कूलंट दिसल्यावर "आधी धुवा" हे सांगायला हवं होतं. मुलाला विचारलं तर म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही." गिऱ्हाइकाला माहीतच नाही ते तो विचारणार कसा? वर फोनवर तुमचीच उलटतपासणी घेतली. दोन्हींबद्दल माफ करा.

जे तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगतो. रेडिएटरमध्ये गिझरचं कडकडीत गरम पाणी अर्ध्याहून जास्त भरायचं, पोर्टना (ट्यूब जोडायच्या भोकांना) प्लग घट्ट लावायचे, हातमोजे घालून दोन-तीन मिनिटं आडवं-उभं जोरात खळखळवायचं. काठोकाठ भरलंत तर पाणी आपटत नाही, घाण सुटत नाही. मग पांढऱ्या बादलीत फडक्यातून गाळून ओतायचं. पहिल्या वेळी फडक्यावर काय येतं ते बघून बहुतेकांचा विश्वास बसतो. फडकं कोरं आणि पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहायचं. कधी चार वेळा पुरतं, कधी दहा वेळा करूनही हात भरून येतात. शेवटचे दोन हात डिस्टिल्ड पाण्याचे, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आत राहतात. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. गॅरेजमधून आणणार असाल तर सीलबंद "बॅटरीचं पाणी" मागा, चुकून ॲसिड आणू नका. रात्रभर व्हिनेगर भरून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, मी देत नाही. ते पुरतं निघालं नाही तर निकेलच्या मुलाम्याची वाट लागते.

तुम्ही रेडिएटरचे पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. त्यात दोष नाही, धुतल्यावर तो वर्षानुवर्षं चालेल. पण ब्लॉक, पंप आणि रेडिएटर आम्ही साफ करून देऊ आणि कूलंटची नवी बाटली देऊ, दोन्ही फुकट. ट्यूब मात्र बदलाव्या लागतील, आतून डागाळल्या आहेत. त्या खरेदीच्या भावाने देतो. पेस्टलच हवं असेल तर माझी हरकत नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर पारदर्शक घेतलं असतं.

शनिवारी चारनंतर या, मी स्वतः असेन. ब्लॉकची ओ-रिंग (गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी) रविवारी आमच्या टेबलावरच राहिली, डबीत घालून ठेवलीय. तोवर पीसी चालू करू नका.