आईच्या ठेच्याला उगाच बोल लावला

मागच्या वेचणीच्या दिवसांत माझी आई वावरातच चक्कर येऊन पडली. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेपाच. रातोरात दोन बाटल्या रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून पाहिलं, तर जठरात अल्सर आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

सगळ्यांनी आधी ठेच्यावर खापर फोडलं. "रोज मिरचीचा ठेचा अन् भाकर, मंग काय होईन?" मामा म्हणाले, शेजारी म्हणाले, मीही म्हणालो. डॉक्टरांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला, "कंबरेसाठी काय घेता?" आईनं पदराची गाठ सोडली. दोन पट्ट्या निघाल्या. एक डायक्लोफेनॅकची, एक गॅसच्या गोळीची. "कंबर दुखते तं हे घेतो, मंग आग पडते तं ते घेतो." दिवाळीपासून रोज. दोन्ही गावातल्याच दुकानातून सुट्या आणलेल्या, चिठ्ठी कोणाचीच नाही.

मिरचीनं आग वाढू शकते, पण अल्सर होत नाही. अल्सरची मोठी कारणं दोन. एक म्हणजे अशा दुखण्याच्या गोळ्या. जठराच्या आतल्या अस्तराला जो जपतो, तो बचावच त्या कमी करतात, आणि रक्तात जाऊनही करतात. म्हणून "मी जेवूनच घेतो" म्हणणारेही सुटत नाहीत. दुसरं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. अल्सरच्या मागे जंतू असेल हे आधी कोणी मानत नव्हतं. १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. आईच्या तपासणीत हा जंतूही निघाला. म्हणजे ती नुसत्या गॅसच्या गोळ्या घेत राहिली असती तर आग थांबली असती, जंतू तसाच राहिला असता. त्यासाठी अँटिबायोटिकचा १४ दिवसांचा कोर्स पुरा करावा लागला.

मग आई गॅसची गोळी घेत होती, तिनं का वाचवलं नाही? हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या जठरात आम्ल सोडणारे पंप बंद करतात. हे पंप जेवायला बसल्यावर जोरात चालू होतात, म्हणून गोळी त्याआधी रक्तात पोचलेली हवी. सकाळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, न फोडता, न चावता. पूर्ण असर यायला दोन-चार दिवस लागतात. आई घ्यायची रात्री जेवल्यावर, तेही आग पडली तरच. दुखण्याच्या गोळीसोबत ही गोळी डॉक्टर देतात ते योग्यच आहे, पण ती रोज, वेळेवर, सांगितले तेवढे दिवस घ्यायची असते.

मी या गोळीच्या विरोधात नाही. माझ्या आईची जखम तिनंच भरून आणली, आठ आठवड्यांत. पण मामा सहा वर्षांपासून रोज घेतात, कशासाठी ते त्यांनाही आठवत नाही. ते माळकरी, मांस-मच्छी वर्ज्य, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व मुळातच कमी. वर्षानुवर्षं आम्ल दाबलं की अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. त्यांच्या पायाला मुंग्या येत होत्या. तपासलं तर बी-१२ फारच खाली. मॅग्नेशियम कमी होणं, हाडं ठिसूळ होणं हेही दीर्घ वापरात दिसतं. पण म्हणून कोणी आजच पट्टी फेकू नका. एकदम सोडली की आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, आजार परतला. आणि ज्यांना हृदयासाठी अॅस्पिरिन चालू आहे किंवा आधी अल्सरमधून रक्त गेलंय, त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ही गोळी बंद करू नये. खर्रा मात्र आजच सोडा. तंबाखूनं जळजळ वाढते. ठेचा सोड म्हणणारे गावात शंभर आहेत, खर्रा सोड म्हणणारा मला एक भेटला नाही.

छातीतली आग घामासोबत येत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, धाप लागत असेल, तर गोळी शोधत बसू नका, आधी ईसीजी काढा.

मला सर्वात जास्त लागलं ते वेगळंच. आईला पंधरा दिवसांपासून काळी संडास होत होती. डांबरासारखी, चिकट, घाण वासाची. तिनं कोणाला सांगितलं नाही. आधी वाटलं लोहाच्या गोळीनं होत असेल (त्यानंही काळी होते, पण अशी चिकट नाही), आणि मग लाज. पोराला, सुनेला हे कसं सांगायचं? त्या पंधरा दिवसांत माझी आई रोज थोडी थोडी रिकामी होत होती आणि आम्ही तिच्याच हातचं जेवत होतो.

आता कंबरेसाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. वेचणी दुपारपर्यंत. भाकरीवर ठेचा परत आलाय. परवा वावरात शेजारच्या काकूनं तिच्यापाशी कंबरेची गोळी मागितली. आईनं ओटीतला कापूस खाली टाकला आणि सगळ्या बायांसमोर मोठ्यानं विचारलं, "पहिले सांग, संडास काळी होते काय वं तुले?"